अबलख घोड्यावरचा टोंटो

प्रश्न : काका, पोरानं मोबाईलवर ‘द लोन रेंजर’ ही जुनी काळी-पांढरी मालिका लावून दिली. डोळ्यांभोवती काळा मुखवटा लावलेल्या गोऱ्या रेंजरपेक्षा मला त्याचा जोडीदार टोंटो आवडला. हा खरंच रेड इंडियन होता का रंग फासलेला? तो असा तुटक का बोलतो? आणि त्याच्या अबलख घोड्याचं नाव काय? दरसाल माळेगावच्या यात्रेत घोडी बघायला जातो, म्हणून विचारायलो.
– एक वाचक, लोहा (जि. नांदेड)

उत्तर : खराच. नटाचं नाव जे सिल्व्हरहील्स, जमात मोहॉक. जन्म १९१२चा, कॅनडात ओंटारिओतल्या ग्रँड नदीकाठच्या ‘सिक्स नेशन्स’ वस्तीतला. पाळण्यातलं नाव हॅरॉल्ड स्मिथ. ‘सिल्व्हरहील्स’, म्हणजे चांदीच्या टाचा, हे टोपणनाव पळण्यावरून पडलं. लॅक्रोस नावाचा त्यांचा पिढीजात खेळ आहे. काठीच्या टोकाला जाळी, तिच्यात चेंडू झेलायचा आणि सुसाट सुटायचं. त्यात हा पटाईत. बॉक्सिंगही खेळायचा. लॅक्रोसच्या संघाबरोबर लॉस एंजेलिसला गेला आणि तिथंच सिनेमात शिरला, आधी गर्दीतला माणूस आणि घोड्यावरून पडणारा स्टंटवाला म्हणून.

रंग फासलेलेही होते हो. १९५०च्या ‘ब्रोकन ॲरो’त अपाची सरदार कोचीझ झाला जेफ चँडलर, न्यूयॉर्कचा ज्यू नट. आपला गडी त्यात जेरोनिमो. जेरोनिमोही अपाची, पार नैऋत्येकडच्या वाळवंटातला. पण हॉलिवूडला मोहॉक काय, अपाची काय, सगळे सारखेच.

टोंटोचं काम १९४९ ते १९५७ चाललं. बोलणं म्हणाल तर आपल्याकडं ‘मी जा गाव, तू थांब इथं’ म्हटल्यासारखं. स्वतः सिल्व्हरहील्स इंग्रजी स्वच्छ बोलायचा. तुटक होती ती लिहून दिलेली वाक्यं. वर स्पॅनिशमध्ये ‘टोंटो’ म्हणजे बावळट, म्हणून तिकडं डबिंग करताना नाव ‘तोरो’, म्हणजे बैल, केलं.

पुण्याला कॉलेजात असताना गॅदरिंगच्या नाटकात मला घरगड्याचं काम दिलं. म्हणे, तुझं ‘करायलो, जायलो’ गड्याला शोभतं. तालमीत रोज एकच, ‘अजून गावठी बोल की!’ प्रयोगाला लोक पोट धरून हसले. परभणीहून आलेली आई मात्र बाहेर आल्यावर म्हणाली, ‘बाबा, हे कोन्या गावचं बोलायलास तू?’ त्यामुळं टोंटो बोलायला लागला की मी आवाज बारीक करतो आणि नुसता त्याचा चेहरा बघतो. तुम्हीही एक भाग तसा बघा.

पुढं १९६०च्या दशकात त्यानं लॉस एंजेलिसच्या एको पार्क भागात मूळनिवासी नटांसाठी अभिनयाची कार्यशाळा काढली. हॉलिवूडच्या एका फुटपाथवर नामवंतांच्या नावाच्या चांदण्या बसवतात, तिथं १९७९ला त्याच्याही नावाची बसली. ५ मार्च १९८०ला तो गेला.

आता घोडा. नाव स्काउट. पांढरा सिल्व्हर तो रेंजरचा. म्हातारपणी सिल्व्हरहील्स दोन चाकांच्या हलक्या गाडीला घोडा जुंपून शर्यती पळवायचा. कुणीतरी विचारलं, स्काउटला का नाही उतरवत शर्यतीत? तर म्हणाला, त्याच्यापेक्षा मीच जास्त पळतो!