कोंबुचासाठी लाखभराचं पॅनेल घ्यावं का?

प्रश्न: आम्ही पुण्यात सिंहगड रस्त्यावर राहतो. मी एका कंपनीत अकाउंट्स बघते आणि घरी कोंबुचा (आंबवलेला गोड चहा) करून सोसायटीत व दोन कॅफेंना विकते. एफएसएसएआयची, म्हणजे अन्न सुरक्षा प्राधिकरणाची, नोंदणी आहे. आठवड्याला दहा-दहा लिटरच्या दोन बरण्या लावते, त्यातून ३०० मिलीच्या साधारण ६० बाटल्या निघतात. बाटली ११० रुपयांना जाते, खर्च ५० येतो. आठवड्याचे चौदाएक तास यात जातात. गेल्या वर्षी नऊ आठवड्यांचा माल टाकावा लागला. एप्रिल-मेमध्ये आंबट ढाण झाला, डिसेंबर-जानेवारीत कच्चा राहिला, दोनदा बुरशी आली आणि एकदा बाटल्याच फुटल्या. भोसरीच्या एका पॅनेलवाल्याने पीएलसी (यंत्र चालवणारा छोटा औद्योगिक संगणक), टचस्क्रीन आणि मोबाइल अ‍ॅपसकट ऑटोमॅटिक कंट्रोलरचं ७८,००० अधिक जीएसटी असं कोटेशन दिलंय. दुसऱ्या वर्षापासून देखभाल करार वर्षाला ६,००० रुपये. दोन-सव्वादोन वर्षांत पैसे वसूल होतील म्हणतो. भाचा म्हणतो, मावशी, मी तीन हजारांत ईएसपी३२ वर, म्हणजे वायफायच्या छोट्या स्वस्त सर्किट बोर्डावर, करून देतो. ह्यांचं म्हणणं, पॅनेलच घे, पुढे त्यावर घरच्या घरी बिअरही करता येईल. दीड लाखाची एफडी मोडू, की कर्ज काढू? हप्त्यासकट घरखर्च महिना ६५ हजार आहे आणि एफडी धरून हाताशी अडीच लाख आहेत.

उत्तर:

ताई, पॅनेल घेऊ नका. एफडीला हात लावू नका आणि कर्जही काढू नका. पण तापमानावर काहीतरी करा, आणि ते मार्च संपायच्या आत करा. तुमचं नुकसान खरं आहे.

आधी ते किती आहे ते बघू. टाकलेल्या मालात बाटली आणि लेबलचे पैसे वाचतात, कारण तो बहुतेक वेळा भरलाच जात नाही. चहा, साखर, आलं-फळं आणि गॅस यांचे पैसे मात्र जातात. तुमच्या ५० रुपयांत बाटली-लेबलचे ३० धरले, तर उरलेला २० चा खर्च आणि ६० चा नफा मिळून दर बाटलीमागे ८० रुपये बुडतात. ६० बाटल्यांचे ४,८०० झाले. नऊ आठवड्यांचे ४३,२००. पॅनेलवाल्याने हाच आकडा धरलेला दिसतो. जीएसटीसकट ९२,०४० ला ४३,२०० ने भागलं की सव्वादोन वर्षांच्या आत उत्तर येतं.

भागाकार बरोबर आहे, पण त्यात दोन गोष्टी गृहीत धरल्यात आणि दोन्ही चुकीच्या आहेत. पहिली म्हणजे पॅनेल आल्यावर नऊच्या नऊ आठवडे वाचतील. बुरशी येते ती मुख्यतः सुरुवातीला आंबटपणा कमी पडल्यामुळे. आधीच्या घाण्यातलं मुरलेलं पाणी दहा टक्के तरी घातलं नाही, तर बरणीला पहिले दोन-तीन दिवस आंबटपणाचं संरक्षण नसतं आणि बुरशीचं फावतं. थंडीत आंबण्याचा वेग मंदावतो म्हणून तेव्हा धोका वाढतो, एवढाच तापमानाचा त्यात हात. बाटल्या फुटल्या त्या झाकण लावल्यानंतर, म्हणजे कंट्रोलरच्या हद्दीबाहेर. तेव्हा तापमानाच्या खात्यावर सहा आठवडेच टाकता येतात. सहा गुणिले ४,८०० म्हणजे २८,८००.

दुसरी चूक मोठी आहे. त्याने पॅनेलची तुलना केली ती काहीच न करण्याशी. तुमच्यासमोर मात्र एक स्वस्त पर्यायही आहे, आणि महाग वस्तू तपासायची ती स्वस्त वस्तूच्या शेजारी ठेवून. स्वस्तात पाच आठवडे वाचत असतील आणि महागात सहा, तर वरचे सगळे पैसे त्या एका आठवड्यासाठी मोजले जातात.

स्वस्त पर्याय असा. जुना, पण कॉम्प्रेसर धड असलेला फ्रिज, साधारण सात हजार. बुधवार पेठेत तापकीर गल्लीत एसटीसी-१००० प्रकारचा डिजिटल कंट्रोलर मिळतो. गार आणि गरम अशा दोन्ही बाजू तो सांभाळतो. चांगल्या डबीसकट दोन हजार धरा. रोपांच्या ट्रेखाली ठेवतात तसली छोटी हीट मॅट हजारभर, आणि इलेक्ट्रिशियनकडून नीट वायरिंग व अर्थिंगचे दीड हजार. एकूण साडेअकरा हजार. फ्रिज २६ अंशांवरच चालवायचा असल्याने तो फार वेळ चालणार नाही. विजेचे महिना दीड-दोनशे धरले तरी पुष्कळ झाले.

यावर २६ अंश लावायचे आणि एका अंशाचा फरक ठेवायचा. बरणी २७ ला पोचली की फ्रिज सुरू होतो, २५ ला उतरली की मॅट. कोंबुचाला साधारण २४ ते २९ अंश मानवतात, त्यामुळे अर्ध्या अंशाची चूक तुम्हाला कळणारही नाही. या कंट्रोलरमध्ये कॉम्प्रेसर बंद झाल्यावर पुन्हा सुरू होण्याआधी थांबायची वेळ लावता येते. ती पाच मिनिटं ठेवा. गुरुवारी महावितरणने दुरुस्तीसाठी लाइट घालवली आणि लगेच परत आली, तरी जुना कॉम्प्रेसर झटका खात नाही. सेन्सर फ्रिजच्या हवेत लोंबता ठेवू नका. बरणीच्या बाहेर मध्यावर टेपने चिकटवा आणि वरून थर्मोकोलचा तुकडा बांधा. हवेत ठेवलात तर दार उघडलं की आकडा उडी मारतो आणि कॉम्प्रेसर उगाच चालू-बंद होत राहतो. आणखी एक, कोंबुचातल्या जिवाणूंना हवा लागते. फ्रिजचं दार घट्ट बसतं, म्हणून रोज एकदा ते दोन-तीन मिनिटं उघडं ठेवा. हा फ्रिज फक्त बरण्यांचा. भाजी त्यात ठेवायची नाही.

आता पॅनेलचं कोटेशन पुन्हा वाचा. त्यात गार करायला काय दिलंय? तुम्ही पाठवलेल्या प्रतीत मला काहीही दिसलं नाही. पॅनेल फक्त हुकूम सोडतं. गार करणारा फ्रिज आणि गरम करणारी मॅट त्याच्या जोडीलाही लागणारच. म्हणजे स्वस्त पर्यायातले मोठे खर्च पॅनेल घेतलं तरी टळत नाहीत, टळतात ते कंट्रोलर आणि वायरिंगचे साडेतीन हजार. पॅनेलसाठी जास्तीचे ८८,५०० मोजायचे, आणि मिळणार काय? फार उदारपणे वर्षाला एक बॅच जास्त वाचेल असं धरलं, तरी ४,८०० रुपये. देखभाल करार मात्र ६,००० चा आहे. जास्तीचा फायदा वार्षिक देखभालीलाच पुरत नसेल, तर पैसे वसूल व्हायचा प्रश्नच उरत नाही.

तरी हे पॅनेल एवढं महाग का, याचंही कारण आहे. ते मुळात बिअरसाठी बेतलेलं आहे. बिअर करताना दळलेलं माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य) गरम पाण्यात ठरावीक तापमानाला मुरवावं लागतं. ६२-६५ अंशांना एक विकर (एन्झाइम) जोरात काम करतं, ७० च्या आसपास दुसरं. टप्प्याटप्प्याने तापमान चढवायचं, पंप फिरवायचा, वेळ मोजायची, त्यासाठी पीएलसी आणि टचस्क्रीन लागते. कोंबुचाला एकच तापमान आठवडाभर धरायचं असतं. तुम्ही न लागणाऱ्या करामतीचे पैसे देणार आहात.

यजमानांच्या बिअरचं स्पष्टच सांगतो. महाराष्ट्र दारूबंदी कायदा १९४९ चा आहे आणि परवान्याशिवाय मद्य बनवणं त्याखाली गुन्हा आहे. पुण्यातल्या मायक्रोब्रुअरीज चालतात त्या उत्पादन शुल्क खात्याचा परवाना घेऊन. 'पुढे बिअर करू' या कारणाला हिशेबात शून्य रुपये किंमत द्या. तुमचं नाव अन्न नोंदणीवर आहे, त्याच घरात हा प्रयोग नको.

याच कारणासाठी त्या फुटलेल्या बाटल्यांची मला बुरशीपेक्षा जास्त काळजी वाटते. झाकण लावल्यावर आत साखर शिल्लक असेल आणि बाटली उन्हाळ्यात बाहेर राहिली, तर वायू वाढतो आणि अल्कोहोलही वाढतं. ०.५ टक्क्याच्या वर अल्कोहोल गेलं की एफएसएसएआयच्या नियमांत ते पेय मद्याच्या व्याख्येत जातं. शिवाय काच कॅफेतल्या पोराच्या हातात फुटली तर तुमचा सगळा धंदा बसेल. म्हणून दोन-अडीच हजारांचा पीएच मीटर (आंबटपणा मोजणारा) घ्या, ४ आणि ७ पीएचच्या बफर द्रावणांनी तो नियमित जुळवून घ्या, आणि पीएच ४.२ च्या खाली आल्याशिवाय बाटली भरू नका. वायूचा दाब सोसणाऱ्या बाटल्याच वापरा. भरलेला माल थेट थंडीत, आणि कॅफेवाल्यांनाही तो बाहेर मांडायचा नाही असं लिहून द्या. पॅनेलपेक्षा या तीन गोष्टी तुम्हाला जास्त वाचवतील.

भाच्याचं काय? त्याचा उत्साह वाया घालवू नका, पण फ्रिज चालू-बंद करायचं काम त्याच्या सर्किटला देऊ नका. कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढतो आणि स्वस्त रिले (विजेवर चालणारा स्विच) बोर्डाचे संपर्क त्यात चिकटतात. मॅटचा रिले चालू अवस्थेत चिकटला तर बरणी रात्रभर तापत राहील. शिवाय तो शिकायला बाहेरगावी गेला की कोड कोण बघणार? त्याच्याकडून फक्त पहारा करून घ्या. ईएसपी३२ आणि तापमान मोजणारे दोन डीएस१८बी२० सेन्सर, दर दहा मिनिटांनी नोंद, आणि २९ च्या वर किंवा २३ च्या खाली गेलं की तुमच्या फोनवर संदेश. हे हजार-बाराशेत होतं, आणि बंद पडलं तरी तुमचा माल सुरक्षित. पॅनेलवाल्याच्या अ‍ॅपमधलं तुम्हाला खरोखर हवं असलेलं एवढंच होतं.

पैसे कुठून आणायचे, याचं उत्तर आता सोपं आहे. तुमचा महिन्याचा नफा नऊ आठवड्यांचं नुकसान वजा जाता साधारण बारा हजार निघतो. फ्रिज, कंट्रोलर, पीएच मीटर, भाच्याचं सर्किट असं सगळं मिळून पंधरा-सोळा हजार. दोन महिन्यांच्या कमाईतून ते आरामात निघतं, आणि एप्रिल-मेचे दोन-तीन घाणे वाचले की मोठा हिस्सा परत आलेला असेल. पॅनेलसाठी १३ टक्क्यांनी दोन वर्षांचं कर्ज काढलं असतं, तर हप्ता ४,३७५ च्या आसपास आणि व्याज जवळपास १३ हजार. म्हणजे नफ्यातला तिसऱ्या हिश्शाहून जास्त बँकेला. एफडी मोडणं त्याहून वाईट. तुमच्या अडीच लाखांत आज घराचे चार महिनेही निघत नाहीत. पॅनेल घेतलं तर अडीच महिन्यांच्याही खाली याल, आणि डोक्यावर गृहकर्जाचा हप्ता आहे.

'खर्च दाखवून कर वाचेल' असं पॅनेलवाला म्हणाला असेल तर ते तुमच्यापुरतं लागू नाही. उलाढाल पावणेतीन-तीन लाखांची आहे. तुम्ही अनुमानित पद्धतीने, म्हणजे उलाढालीचा ठरावीक टक्का नफा धरून, उत्पन्न दाखवत असाल, तर घसारा (यंत्राच्या झिजेची वजावट) वेगळा वजा होत नाही. जीएसटी नोंदणीच्या मर्यादेपासूनही तुम्ही लांब आहात, त्यामुळे वरचे १४,०४० कुठून परत मिळणार नाहीत.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, पण मला ती सगळ्यात महत्त्वाची वाटते. आठवड्याच्या चौदा तासांना बारा हजार महिना धरले, तर तासाला दोनशेही पडत नाहीत. या चौदा तासांतले किती तास थर्मामीटर बघण्यात जातात? मला वाटतं, फार थोडे. उरलेले जातात चहा उकळण्यात, बाटल्या धुण्यात, भरण्यात आणि पोचवण्यात, आणि कुठलंही पॅनेल त्यातली एक बाटली धुणार नाही. एक आठवडा घड्याळ लावून लिहून काढा. बाटल्या धुण्या-भरण्यात पाच-सहा तास जात असतील, तर साधा भरण्याचा नळ असलेली स्टीलची टाकी घ्या आणि आठवड्यातून दोन तास मदतीला कोणी ठेवा. सुटलेल्या वेळात तिसरा कॅफे जोडता येईल.

पॅनेलचा विचार कधी करायचा? आठवड्याला शंभर लिटर जात असेल, गाळा वेगळा असेल आणि पाच-सहा भांडी वेगवेगळ्या तापमानाला चालत असतील तेव्हा. त्या वेळी कोटेशनमध्ये चार गोष्टी लिहून घ्या: पीएलसीचा प्रोग्राम आणि पासवर्ड तुमच्या ताब्यात, सुट्या भागांची किंमत, एका भेटीचा दर, आणि अ‍ॅप बंद पडलं तरी यंत्र हाताने चालवता येईल याची हमी. सध्याच्या पॅनेलवाल्याने महिनाअखेरची मुदत दिली असली तरी ती जाऊ द्या. एफडी मुदतीला आली की आहे तशीच पुढे चालू ठेवा, आणि वाचलेल्या प्रत्येक बॅचमधले हजार रुपये तिच्या जोडीला रिकरिंगमध्ये टाका, निदान सहा महिन्यांचा घरखर्च जमेपर्यंत.