मी डॉक्टर आहे, स्वतः विपश्यना करतो. रुग्णांना ध्यान सांगावं का?

सांगा, पण औषधाच्या जागी नको आणि पहिल्या भेटीत तर नकोच. हे मी एक रुग्ण गमावून शिकलो.

जुनाट दुखण्याचे रुग्ण बघणं हे माझं काम. पहिलं दहा दिवसांचं शिबिर करून परतलो तेव्हा अंगात नुसतं वारं भरलं होतं. त्याच आठवड्यात सहा वर्षं पाठदुखीने गांजलेल्या एक बाई आल्या. त्यांची फाईल अर्धीमुर्धी चाळून मी म्हटलं, "रोज वीस मिनिटं श्वासावर लक्ष ठेवून बसा." त्या जरा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे माझं दुखणं मनाचंच आहे, असं तुम्हालाही वाटतं?" त्या 'तुम्हालाही'मध्ये सहा वर्षांतले सगळे डॉक्टर होते. बाई परत आल्या नाहीत.

नंतर विनयपिटकातल्या, म्हणजे भिक्खूंच्या नियमांच्या ग्रंथातल्या, महावग्ग या भागातली गोष्ट नव्याने वाचली. अतिसाराने लोळागोळा झालेला एक भिक्खू स्वतःच्याच घाणीत पडलेला असतो, बाकीचे भिक्खू त्याच्याकडे फिरकतही नाहीत. बुद्ध आनंदाला पाणी आणायला सांगतात, दोघं मिळून त्याला धुतात, उचलून खाटेवर ठेवतात. 'संवेदना तटस्थपणे पाहा' असं तिथे कुणी त्याला ऐकवत नाही. पुढे शुश्रूषा करणाऱ्याचे पाच गुण सांगितले आहेत. त्यांत औषध तयार करता येणं पहिलं, पथ्य-कुपथ्य कळणं दुसरं, मलमूत्राची किळस न येणं चौथं, आणि धम्माच्या बोलण्याने रुग्णाला उभारी देणं अगदी शेवटी, पाचवं. मी थेट पाचव्यावर उडी मारली होती.

दुसरा घोळ शब्दाचा आहे. आपण 'वेदना' म्हणतो तेव्हा मराठीत ते दुखणंच असतं. बौद्ध ग्रंथांच्या पाली भाषेत वेदना म्हणजे कुठलाही अनुभव येताना त्याला असलेली चव: सुखद, दुःखद किंवा दोन्ही नसलेली. सल्ल सुत्त या बुद्धाच्या उपदेशात बाणाचा दृष्टान्त आहे. एक बाण शरीराला लागतो, तो बुद्धालाही चुकत नाही. त्यावर 'हे आता कायमचंच', 'माझ्याच वाट्याला का' असा दुसरा बाण आपला आपणच मारून घेतो. दुखणं दहापैकी किती, असं आपण विचारतो तेव्हा रुग्ण दोन्ही बाणांची बेरीज सांगत असतो. मी आता दोन आकडे विचारतो: दुखतं किती आणि छळतं किती. 2011 मधल्या एका छोट्या प्रयोगात पंधराच जणांना चार दिवस ध्यान शिकवून, ध्यान चालू असताना त्यांच्या त्वचेला चटका बसेल इतकी उष्णता दिली. दुखण्याची तीव्रता सुमारे 40 टक्क्यांनी कमी नोंदली गेली आणि त्याचा त्रास 57 टक्क्यांनी. नमुना लहान आहे, त्यावर इमले बांधू नयेत. पण दोन आकडे वेगळे हलतात, एवढं त्यातून दिसतं.

ध्यान आणि उपचार यांची सांगड घालण्याचं काम नवं नाही. 1979 मध्ये जॉन कबाट-झिन यांनी मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या मेडिकल सेंटरमध्ये आठ आठवड्यांचा कार्यक्रम सुरू केला. इतर उपचारांनी पुरेसा आराम न पडलेले रुग्ण तिथे पाठवले जात. त्यांनी पाली शब्द बाजूला ठेवले आणि सराव ठेवला. त्यातला 'बॉडी स्कॅन', म्हणजे शरीराच्या एकेका भागावरून लक्ष फिरवणं, तुम्हाला विपश्यनेमुळे लगेच ओळखीचा वाटेल. 2016 मध्ये जुनाट कंबरदुखीच्या 342 जणांवर या कार्यक्रमाची चाचणी झाली. 26 आठवड्यांनी हालचालीत ठळक सुधारणा झालेले ध्यानाच्या गटात सुमारे 61 टक्के होते, नेहमीचेच उपचार घेणाऱ्यांत 44. मात्र सीबीटीच्या, म्हणजे विचार आणि वागण्याच्या सवयी बदलणाऱ्या मानसोपचाराच्या, गटातही 58 टक्के होते. म्हणजे उपयोग आहे, चमत्कार नाही. वारंवार उलटणाऱ्या नैराश्यासाठी याच धर्तीची पद्धत ब्रिटनमध्ये उपचारांची मार्गदर्शक तत्त्वं ठरवणाऱ्या 'नाइस' या संस्थेने 2004 पासून सुचवली आहे.

यात धम्म पातळ होतो, अशी तक्रार तुमच्या ध्यानमित्रांकडून येईल. ती अगदीच चुकीची नाही. विपश्यनेची शिबिरं भारतात रुजवणारे सत्यनारायण गोएंका अर्धशिशीने इतके हैराण होते की मॉर्फिनची इंजेक्शनं घ्यावी लागत. 1955 मध्ये ते रंगूनला ध्यानगुरू ऊ बा खिन यांच्याकडे गेले, तेव्हा केवळ डोकेदुखीसाठी यायचं असेल तर नको, असं त्यांना ऐकावं लागलं. विकार जावेत म्हणून बसा, दुखणं गेलं तर तो वरकड लाभ. आपण डॉक्टर रुग्णाला नेमकं डोकेदुखीसाठीच बसवतो. मला ते गैर वाटत नाही, पण त्या नकारातून एक पथ्य मी उचललं: 'याने दुखणं जाईल' असं कुणाला सांगायचं नाही.

सरसकट तर कुणालाच सांगू नका. सायकोसिसचा (भास-भ्रमांच्या मनोविकाराचा) इतिहास असेल किंवा मोठा आघात ताजा असेल, तर मानसोपचारतज्ज्ञाशी बोलल्याशिवाय नाही. दम्याच्या काही रुग्णांना श्वासावर लक्ष दिलं की भीतीच वाटते. त्यांना मी श्वासाऐवजी तळपायांवर लक्ष ठेवायला सांगतो, डोळे उघडे ठेवून. दहा दिवसांचं मौन शिबिर चिठ्ठीवर लिहून देण्याची चीज नव्हे.

सध्या तिसऱ्या-चौथ्या भेटीत, तपासण्या उरकल्यावर, गोळ्या चालू ठेवून विषय काढतो. 'ध्यान' हा शब्दही वापरत नाही. म्हणतो, रोज दहा मिनिटं पडून दुखण्याची कड शोधा. ते नक्की कुठे सुरू होतं, कुठे संपतं, तेवढंच बघून या. मागे एक गृहस्थ जरा वैतागूनच आले. म्हणाले, "डॉक्टर, कड सापडतच नाही, सारखी सरकते." मी ते फाईलमध्ये जसंच्या तसं लिहून घेतलं आणि गोळ्या तशाच चालू ठेवल्या.