आधी दही, मग कांजी

ताई, घरी आंबवलेले पदार्थ करायला सुरुवात करताय, तर पहिल्याच आठवड्यात पाच बरण्या मांडू नका. दह्यापासून सुरुवात करा. दूध कोमटच हवं, बोट सहज बुडवता येईल इतकं. गरम दुधात विरजण मरतं. आपल्या नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांना टेकला की चार-पाच तासांत दही लागतं. रात्रभर ओट्यावर राहिलं तर सकाळी आंबटढाण! (माझं कितीदा झालंय.)

गाजराची कांजी (मिठाच्या पाण्यात गाजरं आंबवून केलेलं आंबट पेय) थंडीत करा. १ लिटर पाण्याला २०-२५ ग्रॅम मीठ, अंदाजाने नाही, वजन करून. गाजरं पाण्याखालीच राहायला हवीत. काळी-हिरवी बुरशी दिसली तर वरवर काढू नका, सगळं फेका.

महालक्ष्म्यांची आंबील मलाही आवडते, पण शिजवल्यावर त्यातले आंबवणारे जिवाणू जिवंत उरत नाहीत. कांजीत मात्र ते जिवंत असतात, म्हणून सुरुवातीला ती दोन-चार चमचेच घ्या.