वाचक विचारतात : फास्ट गाडी निशी-कासाईला थांबत नाही

टोकियोतल्या तोझाई या मेट्रो लाइनबद्दल पत्रं अधूनमधून येतच असतात. कारण उघड आहे. या लाइनवरचं निशी-कासाई हे भारतीय कुटुंबांच्या वस्तीचं ठिकाण आहे, आणि आयटीतली बरीच मराठी मंडळीही तिथे किंवा शेजारच्या कासाईला घर घेतात. यावेळी निवडलेली पाचही पत्रं याच लाइनवरची आहेत.

प्रश्न : कंपनी दोन वर्षांसाठी टोकियोला पाठवते आहे. घर निशी-कासाईला, ऑफिस ओतेमाचीला. तिथली फास्ट गाडी आपल्या स्टेशनला थांबत नाही म्हणे. मग रोज कोणती गाडी पकडायची? (एक वाचक, हिंजवडी)

खरं आहे, थांबत नाही. आणि नवा माणूस पहिल्या आठवड्यात एकदा तरी दोन स्टेशनं पुढच्या उरायासुला जाऊन परत येतोच.

तोझाई लाइन पश्चिमेला नाकानोपासून पूर्वेला निशी-फुनाबाशीपर्यंत जाते. लांबी ३०.८ किलोमीटर, स्टेशनं २३. तिची ‘रॅपिड’, म्हणजे आपल्या भाषेत फास्ट, मुंबईच्या फास्टसारखी शहरात स्टेशनं गाळत नाही. नाकानो ते तोयोचो ती प्रत्येक स्टेशनला थांबते. तोयोचो सुटलं की मिनामी-सुनामाची, निशी-कासाई आणि कासाई गाळून थेट उरायासु, आणि तिथून एकदम निशी-फुनाबाशी. त्यामुळे ओतेमाचीहून बसलेल्या माणसाला पाच-सहा स्टेशनं होईपर्यंत आपण फास्टमध्ये आहोत याचा पत्ताच लागत नाही.

संध्याकाळी परतताना फलाटावरच्या पाटीवर आधी गाडीचा प्रकार वाचा, शेवटचं स्टेशन नंतर. ‘लोकल’ असेल तर ती निशी-फुनाबाशीला जाते, तोयो-कात्सुतादाईला जाते की त्सुदानुमाला, याने तुम्हाला काही फरक पडत नाही, निशी-कासाई लागणारच. एक अपवाद लक्षात ठेवा. काही गाड्या तोयोचोलाच संपतात, त्या सोडून द्या.

‘फास्टने तोयोचोपर्यंत जाऊ आणि तिथे स्लो पकडू’ हा मुंबईकराचा हिशेब इथे चालत नाही. ओतेमाची ते तोयोचो दोन्ही गाड्या सारख्याच थांबतात आणि मध्ये कुठेही एकीने दुसरीला ओलांडण्याची सोय नाही. म्हणजे तोयोचोला उतरून तुम्ही जी लोकल पकडाल, ती ओतेमाचीला तुमच्या मागे आलेलीच असणार. वेळ वाचत नाही, मिळालेली जागा मात्र जाते. चुकून फास्टमध्ये चढलातच तर तोयोचोला उतरा आणि त्याच फलाटावर मागच्या लोकलची वाट पाहा. उरायासुपर्यंत गेलात तर गेटबाहेर न पडता समोरच्या फलाटावर जा आणि नाकानोकडे जाणाऱ्या लोकलने दोन स्टेशनं मागे या.

सकाळी ही डोकेदुखी नाही. कामाच्या दिवशी सकाळी नाकानोकडे ‘कम्युटर रॅपिड’ नावाचा तिसरा प्रकार धावतो. ती निशी-फुनाबाशी ते उरायासु न थांबता येते, पण उरायासुपासून पुढे प्रत्येक स्टेशन घेते. तेव्हा निशी-कासाईच्या फलाटाला जी गाडी थांबेल तिच्यात डोळे झाकून चढा. ओतेमाचीपर्यंत अंतर ९ किलोमीटर आहे, साधारण पंधरा-सोळा मिनिटं लागतात.

घर अजून पक्कं केलं नसेल तर आणखी एक गोष्ट. स्लो गाडीला बाजूला घेऊन फास्टला पुढे काढण्याची सोय कासाईला आहे. उरायासुच्या पलीकडे घर घेतलं आणि लोकलने आलात तर कासाईला काही मिनिटं नुसतं उभं राहावं लागू शकतं. निशी-कासाई कासाईच्या अलीकडे, म्हणजे शहराच्या बाजूला आहे, म्हणून तिथून जाता-येता हा थांबा तुमच्या वाट्याला येत नाही.

प्रश्न : तोझाई लाइनवर १९९ टक्के गर्दी असते असं वाचलं. आमच्या डोंबिवलीला हा आकडा कमीच वाटेल! टक्के मोजतात कसे, आणि गाड्या का वाढवत नाहीत? (एक वाचक, डोंबिवली)

१९९ टक्के हा आकडा कोविडच्या आधीचा. सकाळच्या ऐन गर्दीच्या तासात किबा ते मोन्झेन-नाकाचो या एका टप्प्यावर तो मोजला जायचा, आणि तेव्हा तो देशात सर्वांत वरच्यांपैकी होता. आता तो १५० च्या आसपास आहे.

हिशेब सोपा आहे. त्या तासाला २७ गाड्या, प्रत्येक दहा डब्यांची. सगळ्या मिळून क्षमता ३८,४४८ माणसांची, म्हणजे गाडीमागे १,४२४. ही क्षमता नुसत्या सीटांची नव्हे. कडी धरून आणि दाराजवळच्या खांबाला धरून नीट उभे राहणारेही तिच्यात मोजलेले असतात. म्हणून १०० टक्के म्हणजे आरामाचा प्रवास. १५० ला वर्तमानपत्र उघडून वाचता येतं. १८० ला त्याची घडी घालावी लागते. २०० ला अंगाला अंग लागतं. दार बंद होत नाही तोवर गाडी सुटत नाही, त्यामुळे दारात लटकलेली माणसं या हिशेबात येतच नाहीत. डोंबिवलीशी तुलना तिथेच संपते.

आता गाड्या का वाढवत नाहीत. तासाला २७ म्हणजे सरासरी २ मिनिटं १३ सेकंदांना एक. गाडी फलाटाला लागणार, दारं उघडणार, माणसं उतरणार, चढणार, दारं बंद होणार, शेवटचा डबा फलाट सोडणार, आणि मग पुढची आत येणार; हे सगळं तेवढ्यात बसवायचं असतं. मोन्झेन-नाकाचोसारख्या स्टेशनवर एकाची पिशवी दारात अडकून दार पुन्हा उघडलं की दहा-पंधरा सेकंद जातात. ते मागच्या गाडीच्या अंगावर येतात, ती उशिरा लागते, तोवर फलाटावर माणसं वाढलेली असतात, म्हणून ती आणखी रेंगाळते. गाडी पळण्यात कमी पडत नाही, उभी राहण्यात वेळ घालवते.

म्हणून इलाजही दाराशी आणि फलाटाशीच केलेत. २०१० पासून आलेल्या १५००० मालिकेच्या गाड्यांची दारं १.८ मीटर रुंद आहेत. नेहमीच्या गाड्यांची १.३ मीटर. अर्धा मीटर म्हणजे दारातून शेजारी-शेजारी आणखी एक माणूस. अशा १६ गाड्या आहेत. पण याच रुळांवर जेआर (जपान रेल्वे) आणि तोयो रॅपिड रेल्वे या दुसऱ्या कंपन्यांच्या साध्या दारांच्या गाड्याही धावतात, त्यामुळे फलाटावर सुरक्षा दारं बसवताना दोन्ही मापं सामावतील एवढी रुंद फट ठेवावी लागली. दारांची रुंदी वाढवणं हे कारखान्यात सोपं, फलाटावर महागाचं काम.

दुसरा इलाज मिनामी-सुनामाचीला चालू आहे. तिथे एकच फलाट आणि दोन रूळ होते. दोन फलाट आणि तीन रूळ केले की एका बाजूला गाडी उभी असतानाच मागची दुसऱ्या बाजूला लागू शकते, ताटकळत नाही. चालत्या लाइनखाली हे खोदकाम म्हणजे कसरत आहे. रूळ सरकवण्यासाठी मे २०२४ मध्ये दोन दिवस तोयोचो ते निशी-कासाई वाहतूक पूर्ण बंद ठेवावी लागली होती.

तुम्ही प्रत्यक्ष तिथे गेलात तर ७:५० ते ८:५० या वेळात किबा ओलांडू नका, एवढं पुष्कळ आहे. डबा निवडतानाही डोकं वापरा. कुठला डबा कुठल्या जिन्यासमोर येतो याचे तक्ते फलाटावर लावलेले असतात, आणि गर्दी नेमकी त्याच डब्यांत असते. दोन डबे लांब चढून उतरल्यावर चालत या. ही लाइन चालवणाऱ्या टोकियो मेट्रो कंपनीच्या ॲपमध्ये डब्यावार गर्दीही दिसते.

प्रश्न : पास एक महिन्याचा काढावा की सहा महिन्यांचा? नोकरी बदलली तर पैसे जातात का? (एक वाचक, सध्या कासाई)

पास १, ३ आणि ६ महिन्यांचे असतात. तीनचा साधारण ५ टक्के आणि सहाचा १० टक्के स्वस्त पडतो. सहा महिने तिथेच राहणार हे पक्कं असेल तर सहाचाच काढा.

मध्येच परत केला तर वापरलेले महिने पूर्ण महिने धरून कापतात. तीन महिने दोन दिवस वापरला म्हणजे चार महिने झाले. तीन महिन्यांच्या पासाची किंमत अधिक एका महिन्याची किंमत, वर २२० येन शुल्क, हे वजा जाऊन उरलेलं परत मिळतं. निदान एक पूर्ण महिना शिल्लक हवा, नाहीतर काहीच मिळत नाही. म्हणून परत करायचाच असेल तर महिना भरायच्या दिवशी जा, दोन दिवसांनी नाही. पैसे जातात ते या दोन दिवसांत.

पास पास्मो या गेटला लावायच्या, पैसे भरून ठेवायच्या कार्डावर घ्या, कागदी घेऊ नका. पास असलेलं पास्मो हरवलं तरी नव्यावर पास पुन्हा चढवून मिळतो. त्याचे ५२० येन शुल्क आणि नव्या कार्डाची ५०० येन अनामत, असे १,०२० येन लागतात. जुनं नंतर सापडलं तर अनामत परत मिळते, शुल्क नाही.

प्रश्न : नुसत्या वाऱ्याने ही लाइन बंद पडते, हे खरं का? मेट्रो तर जमिनीखाली असते ना? (एक वाचक, कोल्हापूर)

निम्मी वरच आहे. मिनामी-सुनामाची सुटलं की गाडी जमिनीबाहेर येते आणि आराकावा व नाकागावा या नद्यांवरून १,२३६ मीटर लांबीच्या पुलावर चढते. तिथून निशी-फुनाबाशीपर्यंत ती उंचावरून उघड्यावर धावते. समुद्र जवळ, आडोसा काही नाही.

२८ फेब्रुवारी १९७८ च्या रात्री या पुलावर चक्रीवादळी भोवऱ्याने चालती गाडी गाठली आणि तिचे डबे उलटवले. एकवीस जण जखमी झाले. तेव्हा निशी-कासाई स्टेशन नव्हतं. ते १ ऑक्टोबर १९७९ ला उघडलं. त्या अपघातामुळे आज पुलावर वारा ठरावीक मर्यादेपुढे गेला की गाडी सावकाश चालवतात किंवा थांबवतात. चिडण्यात अर्थ नाही.

अशा वेळी काय करायचं ते मात्र ठाऊक हवं. दुसऱ्या लाइनने, अगदी दुसऱ्या कंपनीच्या लाइननेही, जादा भाडं न देता जाऊ देण्याची ‘फुरिकाए’ नावाची सोय जाहीर होते. ती पासधारकांना, आणि कागदी तिकीट आधीच काढलेल्यांना मिळते. पास्मो किंवा सुइका (तसंच दुसरं कार्ड) यातले सुटे पैसे वापरून निघालेल्यांना ती मिळत नाही. त्यांना दुसऱ्या लाइनचं भाडं द्यावंच लागतं. पास असेल तर कार्ड गेटला लावू नका, कर्मचारी बसलेल्या खिडकीला पास दाखवून जा. गेटला लावलंत की पैसे कापले गेलेच.

निशी-कासाईहून पर्याय म्हणजे उत्तरेला दोन-अडीच किलोमीटरवरचं फुनाबोरी, तोएई शिंजुकू लाइनवर. दक्षिणेला जेआरची केइयो लाइन आहे, पण ती समुद्राच्या आणखी जवळून जाते. तोझाई वाऱ्याने थांबली तर तीही थांबलेली असण्याची शक्यता जास्त. गाडीला ५ मिनिटांहून जास्त उशीर झाला तर उशिराचा दाखला टोकियो मेट्रोच्या संकेतस्थळावरून छापून घेता येतो. ऑफिसात तो मागतात, आणि मानतातही.

प्रश्न : लेकीकडे निशी-कासाईला दोन महिने राहणार आहे. नातू बाबागाडीत. लेडीज डबा असतो का? आणि डिस्नीलँड जवळच आहे म्हणे? (एक आजी, सातारा)

लेडीज डबा एकच, तोही कामाच्या दिवशी सकाळी नाकानोकडे जाणाऱ्या गाड्यांना. फलाटावर जमिनीवर गुलाबी खूण असते. नातू लहान आहे, त्याला घेऊन त्यात बसता येतं. पण सकाळच्या त्या वेळी बाबागाडी घेऊन निघूच नका. दहानंतर निघालात तर आजी, लेक आणि बाबागाडी तिघंही नीट मावतील. बाबागाडीची घडी घालायची सक्ती नाही. ब्रेक लावा आणि हात सोडू नका. सहा वर्षांखालच्या मुलाला मोठ्या माणसासोबत तिकीट लागत नाही.

डिस्नीलँड उरायासु शहरात आहे, पण त्याचं स्टेशन तोझाई लाइनवरचं उरायासु नव्हे. ते केइयो लाइनवरचं माइहामा. उरायासु स्टेशनला उतरलात तर पुढे बस घ्यावी लागेल, ती मिळते. पाऊस असेल आणि फिरायला दुसरं काही नसेल तर कासाई स्टेशनला, उंच रुळांच्या खालीच, भुयारी रेल्वेचं संग्रहालय आहे. नातवाला गाडी चालवायला बसता येतं, आणि फास्ट गाडी डोक्यावरून जाते तेव्हा आवाजही येतो.