प्रसाद न घेणारे शेजारी

प्रश्न : गड्डा यात्रेत आमचे ख्रिस्ती शेजारी नंदीध्वजांची मिरवणूक पाहायला आमच्याबरोबर उभे राहतात, पण प्रसाद घेत नाहीत. ‘येशू हाच मार्ग’ म्हणणारा धर्म असहिष्णू नव्हे काय?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : आपला आक्षेप योहानाच्या शुभवर्तमानातील वचनावर (१४:६) बेतलेला दिसतो, आणि ते वचन एकाच मार्गाचे आहे, हे मी नाकारणार नाही. मात्र ‘सर्व मार्ग सारखेच’ हे विधानसुद्धा तसे न मानणाऱ्याला चूक ठरवतेच. मतभेदाला शिक्षा होऊ लागते, तेव्हा असहिष्णुता सुरू होते. आणि तशी शिक्षा चर्चने दिलेली आहे. गोव्यात १५६० ते १८१२ या काळात, मधला थोडा खंड वगळता, इन्क्विझिशन, म्हणजे धर्ममतांची चौकशी करून शिक्षा देणारे चर्चचे न्यायालय, चालले. त्याचे समर्थन होऊ शकत नाही. धर्माच्या बाबतीत कोणावरही सक्ती नको, असे कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये जाहीर केले. उशीर झाला, फारच उशीर. वास्तविक, लूकच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात येशूने सांगितलेल्या दाखल्यात, म्हणजे बोधकथेत, वाटेवरच्या जखमी माणसाला तेल व द्राक्षारस लावून पट्ट्या बांधणारा आणि उतारशाळेत नेऊन त्याचा खर्च सोसणारा कोण, तर यहुद्यांनी परका मानलेला शोमरोनी. याजक तर बाजूने निघून गेला होता.

राहिला प्रसाद. मूर्तीला वाहिलेल्या अन्नाविषयी येशूचा प्रेषित पौल याने करिंथकरांस लिहिलेले, बायबलमधील पहिले पत्र अनेक ख्रिस्ती लोक कसोशीने पाळतात, काही तितके पाळत नाहीत. संक्रांतीचा तिळगूळ मात्र त्यांना देऊन पाहा.