सुरई कोणाच्या हातात आहे ते बघ

अगं मुली,

तुझा व्हॉइस मेसेज सकाळी ऐकला. रात्री पावणेदोनला पाठवलेला, साडेचार मिनिटांचा, आणि शेवटची वीसेक सेकंद नुसता श्वास. स्पार्टाकसवरची, म्हणजे रोममधल्या गुलामांच्या बंडाच्या त्या पुढाऱ्यावरची, एकांकिका निम्मी लिहून झालीये, तालमीला पोरं जमलीयेत, आणि आता तुला कळलं की पिक्चरमधला तो सगळ्यात भारी सीन, जिथे एकेक जण उठून मीच स्पार्टाकस म्हणतो, तो कधी घडलाच नव्हता. स्पार्टाकस क्रुसावर मेलाच नव्हता, जगातली गुलामगिरी संपवायची असं तो कधी म्हणाल्याचा पुरावा नाही. मग मॅडम मी रडले ते कशावर, आणि हे खोटं आता स्टेजवर कशाला उभं करू, असं विचारतेयस.

धीर वगैरे देत बसत नाही, तो तुझ्याकडे आहे. आधी खरं काय ते सांगून टाकते.

हो, नाही घडलं. इ.स.पूर्व ७१ मध्ये शेवटच्या लढाईत तो लढता लढता पडला, आणि अपियन लिहितो की प्रेतसुद्धा सापडलं नाही. प्लुटार्क सांगतो की लढाईआधी त्याने स्वतःचा घोडा मारून टाकला, जिंकलो तर शत्रूचे घोडे आहेतच, हरलो तर घोडा लागणारच नाही. क्रुसावरचा नवरा, खाली बाळ घेऊन उभी बायको, हे १९६० सालच्या पिक्चरचं. आणि हे दोघं लिहिणारेही ग्रीक, रोमच्या राज्यात राहणारे, बंडानंतर दीड-दोनशे वर्षांनी लिहिणारे. बंडात असलेल्या एकाही माणसाचा एकही शब्द आपल्यापर्यंत पोचलेला नाही गं. एकही नाही.

मग तो सीन आला कुठून? पटकथा लिहिली डाल्टन ट्रम्बोने. १९४७ मध्ये अमेरिकेच्या संसदेच्या समितीने हॉलिवूडच्या लोकांना बोलावून विचारायला सुरुवात केली, तू कम्युनिस्ट आहेस का, अजून कोण कोण आहेत. ट्रम्बोने उत्तर दिलं नाही, १९५० मध्ये जेलमध्ये गेला, सुटल्यावर वर्षानुवर्षं दुसऱ्यांच्या नावाने लिहीत राहिला. ज्याच्या कादंबरीवर पिक्चर आहे तो हॉवर्ड फास्ट, तोही त्याच वर्षी नावं द्यायला नकार दिला म्हणून तीन महिने आत, तिथेच त्याला ही गोष्ट सुचली, आणि प्रकाशक छापेनात म्हणून १९५१ ला त्याने स्वतः छापली. आता परत बघ तो सीन. रोमन सांगतात, तुमच्यातला तो कोण ते दाखवा, बाकीच्यांचा जीव वाचेल. आणि कोणी बोट दाखवत नाही. तो सीन वॉशिंग्टनमधल्या त्या खोलीचा आहे, आणि तो लिहिणाऱ्याने त्याची किंमत आधीच चुकवलेली होती. तू खोट्यावर रडली नाहीस. झाला हा विषय.

खरा विषय वेगळा आहे आणि तो मी तुला गेल्या वर्षीपण सांगितला होता, तू मान हलवलीस आणि विसरलीस. कुठलाही रोमन पिक्चर लाव. सिनेटर आडवे पडलेत, द्राक्षं खातायत, राज्य कोणाच्या हातात जाणार यावर बोलतायत, आणि मागे खांबाशी कोणीतरी सुरई धरून उभं आहे. कॅमेरा सिनेटरच्या चेहऱ्यावर. पेला रिकामा होतो, एक हात फ्रेममध्ये येतो, ओततो, परत जातो. सिनेटर काय बोलतोय ते बघू नकोस, सुरई कोणाच्या हातात आहे ते बघ. त्या हाताचाच देश होता तो. ग्लॅडिएटर, म्हणजे आखाड्यात लोकांसमोर लढणारे, किती होते गं, मूठभर. शेतात, खाणीत, गिरणीत, घराघरात जी माणसं होती त्यांच्यावर रोम उभं होतं आणि त्यांच्यावर पिक्चर निघत नाही कारण त्यांच्या हातात तलवार नाही.

कॅटो नावाचा रोममधला मोठा माणूस, त्याने शेतीवर पुस्तक लिहिलंय, त्यात गुलामांच्या कपड्यांचा नियम आहे. एक अंगरखा साडेतीन फुटांचा, आणि एक जाडी घोंगडी, एक वर्षाआड. आणि नवा देताना जुना परत घ्यायचा, गोधडीला चिंध्या लागतात म्हणून. तिथेच लिहिलंय की म्हातारे बैल विका, जुनी गाडी विका, म्हातारा गुलाम विका, आजारी गुलाम विका. असं एका दमात. मला रणांगणातल्या सगळ्या रक्तापेक्षा ती परत घेतलेली चिंधी जास्त लागते, तिसाव्या वर्षी वाचलं होतं आणि अजून लागते.

आणि तू पात्रांच्या कपड्यांचं विचारलं होतंस ना, गुलामांना सगळ्यांना एकसारखे मळखाऊ कपडे देऊ का म्हणून? सेनेका हा रोमन तत्त्वज्ञ सांगतो की सिनेटमध्ये एकदा खरंच हा प्रस्ताव आला होता, गुलाम ओळखू यावेत म्हणून वेगळा पोशाख. मग लक्षात आलं की तसं केलं तर गुलाम आपल्याला मोजायला लागतील. राहिलं मग. पिक्चरवाले बिनधास्त गणवेश देतात. तू देऊ नकोस. ओळखू न येणं हीच त्या शहराची भीती होती, ती स्टेजवर आण.

अजून एक. रोममध्ये म्युझियममध्ये लोखंडाचं एक कडं आहे, गळ्यात रिबिट मारून बसवायचं, त्याला एक गोल बिल्ला. त्यावर लिहिलंय, मी पळालोय, मला धर, माझ्या मालकाला झोनिनसला परत दिलंस तर तुला एक सोन्याचं नाणं मिळेल. मालकाचं नाव आहे बघ. ज्याच्या गळ्यात ते होतं त्याचं नाव नाही. आणि वाक्य मात्र त्याच्याच तोंडी घातलंय, "मला धर". आयुष्यभर गळ्यात दुसऱ्याने लिहिलेला डायलॉग. तू जेव्हा तुझ्या सुरईवाल्याला गप्प ठेवतेस किंवा त्याच्या तोंडी मालकाची वाक्यं घालतेस तेव्हा तू तोच बिल्ला लिहितेस, मला राग येतो तो याचा, बाकी तारखा चुकल्या तर चुकू देत.

ज्वालामुखीच्या राखेत गाडल्या गेलेल्या पाँपेई शहराजवळ २०२१ मध्ये एक खोली सापडली, सोळा चौरस मीटरची. तीन पलंग, दोरीने विणलेले, त्यातला एक लहान, म्हणजे मूल असावं. कोपऱ्यात मालकाचे रांजण रचून ठेवलेले, एक लाकडी पेटी, एक मुताचं भांडं, वरती एक छोटी खिडकी. राखेत लाकूड कुजून गेलं तिथे पोकळी राहिली, तिच्यात प्लास्टर ओतून पलंग परत मिळाले. त्यांच्या झोपायच्या खोलीतसुद्धा गोडाऊन. हा सेट लाव तू. रंगाशेठला खर्चही येणार नाही.

आता तू म्हणशील मॅडम तुम्ही पिक्चरच्या विरोधात आहात. अजिबात नाही. मी तो पिक्चर किती वेळा पाहिलाय ते मोजलेलं नाही, आणि त्यात एक सीन असा आहे की त्यासाठी मी सगळं माफ करते. कापुआ गावातल्या ग्लॅडिएटरच्या आखाड्यात रोमहून पाहुणे आलेत, बायकांनी दोन जोड्या निवडल्यात, मरेपर्यंत लढाई बघायचीय त्यांना. पहिली जोडी बाहेर लढतेय. आणि स्पार्टाकस नि ड्राबा एका लाकडी खोक्यासारख्या खोलीत समोरासमोर बसलेत, पुढची पाळी त्यांची. कॅमेरा बाहेर जातच नाही, फक्त आवाज, आणि फळ्यांच्या फटीतून हलणाऱ्या सावल्या. ते एकमेकांकडे बघतात, नजर काढतात, परत बघतात. पाहुण्यांसाठी ती करमणूक आहे आणि आपल्याला फक्त वाट बघणारी दोन माणसं दाखवलीयेत. मग ड्राबा जिंकतो, स्पार्टाकसच्या गळ्याशी त्रिशूळ, वरून हुकूम, आणि तो मारत नाही, त्रिशूळ फेकतो तो पाहुण्यांच्या सज्जाकडे. वुडी स्ट्रोड, काळा नट, आणि साल १९६०, ज्या वर्षी अमेरिकेत काळी पोरं हॉटेलच्या काउंटरवर मुद्दाम जाऊन बसत होती. पूर्ण पिक्चरमध्ये त्याला वाक्यं किती, चार-पाच. पण दिग्दर्शकाने त्याच्याकडे बघितलं. एवढंच मागतेय मी तुझ्याकडे.

आणि गंमत बघ, खरा इतिहाससुद्धा तिथूनच सुरू होतो. प्लुटार्क म्हणतो दोनशे जणांचा कट होता, फुटला, अठ्ठ्याहत्तर जण निसटले, आणि त्यांच्या हातात काय होतं, तर स्वयंपाकघरातले सुरे आणि मांस भाजायच्या सळया. तलवारी नंतर मिळाल्या, वाटेत शस्त्रांच्या गाड्या सापडल्या म्हणून. बंड मुदपाकखान्यातून निघालं गं. तिथे रोज कोण राबत होतं, सुरे कुठे ठेवलेले असतात हे कोणाला माहीत होतं, त्या दिवशी कोणी बाजूला होऊन वाट दिली, हे प्लुटार्क सांगत नाही. तू सांग. नाटक त्याच्यासाठीच असतं.

त्याच प्लुटार्कमध्ये स्पार्टाकसची बायको आहे, त्याच्याच जमातीची, अंगात येणारी, भविष्य सांगणारी. तो झोपला असताना त्याच्या तोंडाभोवती साप वेटोळं घालून बसला होता आणि तिने त्याचा अर्थ सांगितला. नाव नाही दिलेलं तिला. फास्टच्या कादंबरीने तिला नाव दिलं, व्हॅरिनिया, ते पिक्चरने उचललं, आणि अंगात येणं काढून घेतलं, नुसती प्रेमळ ठेवली. माझ्या मते हा सौदा वाईट झाला.

आणि एक गोष्ट जी तुला आवडणार नाही. पिक्चरमध्ये बंडखोर दोन रोमनांना पकडून आखाड्यात लढवतात आणि स्पार्टाकस येऊन थांबवतो, आपण यांच्यासारखे होणार का म्हणून. अपियन म्हणतो त्याने क्रिक्सस हा त्याचा साथीदार मेल्यावर तीनशे रोमन कैद्यांचा बळी दिला, आणि दुसऱ्या ठिकाणी लिहिलंय की कैद्यांना त्याने चितेभोवती ग्लॅडिएटरसारखं लढवलं. पिक्चरने बरोबर उलटं केलंय. तोच अपियन हेही सांगतो की लूट तो सगळ्यांत सारखी वाटायचा आणि छावणीत सोनं-चांदी आणू द्यायचा नाही. दोन्ही एकाच माणसाचं. तुझ्या मसुद्यात तो नुसता देव झालाय, म्हणून तुझी पोरं तालमीत कंटाळतायत, माझ्यावर चिडलीस तरी चालेल.

आता माझं सांगते, कारण हे सगळं मला फुकट कळलेलं नाही. कॉलेजात असताना मीपण याच विषयावर एकांकिका बसवली होती. क्रॅसस, म्हणजे बंड मोडणारा रोमन सेनापती, आणि स्पार्टाकस, दोघांना लांब लांब स्वगतं, टाळ्या मिळतील अशी. मागे सुरई घेऊन एक ज्युनियर मुलगी, पूर्ण पस्तीस मिनिटं उभी. तिसऱ्या तालमीला तिने विचारलं, ताई, मी हे सगळं ऐकत असते ना, मग मी काहीच का नाही करत? मी म्हणाले, तू गुलाम आहेस, तू फक्त उभी राहा. असं म्हणाले मी. सगळे हसले, मीही. प्रयोगाच्या दिवशी ती आली आणि उभी राहिली, चोख, हात हलला नाही. दुसऱ्या वर्षी तिने ग्रुपमध्ये नाव दिलं नाही. त्या विषयावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न विचारणारी एकटी तीच होती, आणि मी तिला गप्प केलं आणि बक्षीस घेतलं. नंतर मी तिला शोधलं, पत्र लिहिलं, उत्तर आलं नाही, यायलाच पाहिजे असंही नाही. मी एकोणीस वर्षांची होते, तेव्हा सगळेच तसं लिहायचे, परीक्षकांनाही तेच हवं असायचं, आणि ती स्वगतं खरंच चांगली होती, हे मी आजही म्हणेन. पण ती सुरई माझ्या हातून सुटत नाही.

म्हणून २००० साली ग्लॅडिएटर आला तेव्हा एका पुरवणीने मला त्यातल्या चुकांची यादी मागितली तर मी नाही म्हणाले. अंगठा खाली म्हणजे मरण हे एकोणिसाव्या शतकातल्या एका फ्रेंच चित्रकाराच्या चित्रावरून पक्कं झालं, मरायला निघालेल्यांचा तो सीझरला सलाम मुळात सम्राट क्लॉडियसच्या वेळी एका तळ्यावरच्या तमाशातला, एकदाच नोंदलेला, जहाजावर साखळीने बांधलेले वल्हेकरी हेही जुन्या रोमन पिक्चरांचंच, रोमन आरमारात वल्ही मारणारे बहुतेक स्वतंत्र माणसं होती. हे सगळं मला येत होतं, पण यादी देऊन वाचक हुशार होतो आणि सुरईवाला आहे तिथेच राहतो. मी म्हटलं, मी त्या पिक्चरमधल्या नोकरांवर लिहिते. त्यांना नको होतं. परत बोलावलं नाही त्यांनी. मला त्याचं वाईट वाटलं, खूप वाटलं, पैशाचीही गरज होती, पण परत विचारलं तरी मी तेच सांगीन.

हट्टी म्हणतात मला. असू दे. इ.स. ६१ मध्ये रोममध्ये एका बड्या अधिकाऱ्याला त्याच्याच गुलामाने मारलं. कायदा असा की मग त्या छपराखालचे सगळे गुलाम मारायचे, चारशे होते, म्हातारे, बायका, पोरं. त्या वेळी रोमचे साधे लोक दगड घेऊन रस्त्यावर आले, यांना मारू नका म्हणून. सिनेटने ऐकलं नाही, नीरोने रस्त्याच्या दोन्ही कडांना सैनिक उभे केले आणि चारशेच्या चारशे नेले. अशा दिवशी त्या घरात सकाळी कोण पाणी भरत होतं, त्याला कधी कळलं, हे कोणाला तरी लिहावंसं वाटलं पाहिजे ना? का नाही वाटत? तलवार नाही म्हणून?

तर मसुदा फाडू नकोस. मीच स्पार्टाकसवाला सीन ठेवायचा तर ठेव, पण त्याआधी तो उठून उभा राहणारा दुसरा, तिसरा, चौथा माणूस आदल्या दिवसापर्यंत काय काम करत होता ते मला स्टेजवर दिसलं पाहिजे. बंडानंतर कापुआ ते रोम रस्त्यावर सहा हजार जणांना क्रुसावर चढवलं, जवळपास २०० किलोमीटर, म्हणजे दर तीस-पस्तीस मीटरवर एक माणूस. तुझ्या हिरोला वाक्यं पुष्कळ झाली.

रविवारी सकाळी ये, अकराच्या आत, नंतर माझ्याकडे पाहुणे आहेत. आणि त्याआधी एक कर. घरात पितळेची कळशी असेल तर ती काठोकाठ भर, आई विचारेल तर माझं नाव सांग, आणि ती दोन्ही हातांनी छातीशी धरून भिंतीला न टेकता उभी राहा, समोर टीव्ही चालू ठेव, कोणीतरी जेवत असेल तर अजून चांगलं. पस्तीस मिनिटं. किती वेळाने हात थरथरायला लागतात आणि तेव्हा तू कोणाकडे बघत होतीस ते लिहून आण.

तुझी,
मॅडम