वडिलांची फियाट आणि मोडायला काढलेली मुदत ठेव

कोथरूडमधील एका वाचकांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांच्या वडिलांनी घेतलेली १९६९ची फियाट ११०० डिलाइट गेली नऊ वर्षे सोसायटीच्या पार्किंगमध्ये कव्हरखाली उभी आहे. इंजिन चालू होते, परंतु पत्रा गंजला आहे, रंग पोपडे धरून निघतो आहे आणि क्रोमची रया गेली आहे. गॅरेजने सर्व कामाचे ४,६०,००० रुपये सांगितले आहेत. तेच काम घरी केल्यास हत्यारे धरून २,०५,००० रुपयांत होईल, असा त्यांचा हिशेब आहे. त्यासाठी ६ लाखांच्या मुदत ठेवीतून २ लाख काढावेत, की मेहुणे म्हणतात त्याप्रमाणे ४ लाखांचे वैयक्तिक कर्ज घेऊन गॅरेजलाच काम द्यावे आणि पुढे ‘गाडी ८ लाखांना विकून’ मोकळे व्हावे, असा पेच आहे. निवृत्तीला २६ महिने उरले आहेत. घरखर्च महिना ५८,००० रुपये असून एसआयपी वजा जाता १८,००० ते २०,००० रुपये शिल्लक राहतात.

आपले पत्र वाचताना एक गोष्ट जाणवली. गाडी विकण्याची भाषा मेहुण्यांची आहे, आपली नाही. आपण लिहिले आहे ते वडिलांबरोबर खंबाटकी घाट चढतानाच्या आठवणीविषयी. म्हणून हा खर्च गुंतवणूक म्हणून मांडू नये, असे मी सुरुवातीलाच सुचवतो. हौसेचा खर्च हौसेच्या खात्यात लिहिला की त्याला मर्यादा घालता येते. तोच खर्च ‘पुढे वसूल होईल’ या खात्यात लिहिला की प्रत्येक वाढीव बिलाला समर्थन सापडत जाते. जाहिरातीत मागितलेली किंमत आणि हातात पडलेली किंमत यांत अंतर असते, आणि ८ लाख हा आकडा मागितलेल्या किमतीचा आहे.

कर्जाचा विचार दोन ओळींत संपतो. १४ टक्के दराने ४ लाखांच्या तीन वर्षांच्या कर्जाचा हप्ता सुमारे १३,६७० रुपये बसतो, एकूण व्याज ९२,००० रुपयांच्या घरात जाते आणि शेवटचे दहा हप्ते पगार बंद झाल्यानंतर भरावे लागतात. हे करू नये.

मुदत ठेवीचा प्रश्न अधिक नाजूक आहे, कारण २ लाख काढूनही ४ लाख शिल्लक राहतात आणि ते पुरेसे वाटतात. परंतु आपल्या खर्चाच्या मानाने ६ लाख म्हणजे दहा महिन्यांची सोय आहे आणि ४ लाख म्हणजे जेमतेम सात महिन्यांची. निवृत्तीच्या वेळी भविष्य निर्वाह निधीचे आणि निवृत्तिवेतनाचे कागद पुढे सरकेपर्यंत घर याच पैशांवर चालवावे लागते, शिवाय कंपनीचा आरोग्य विमा त्याच सुमारास संपतो. मुदतीपूर्वी ठेव मोडल्यास व्याजात होणारी अर्ध्या ते एक टक्क्याची कपात ही त्यातली लहान बाब आहे. माझ्या मते या ठेवीला हात लावू नये आणि गाडीचे काम महिन्याच्या शिलकीतून, टप्प्याटप्प्याने करावे. ते कसे शक्य आहे, हे पाहण्यासाठी ‘घरी करणे’ या शब्दांची फोड करावी लागेल.

आपल्या २,०५,००० रुपयांच्या हिशेबात कंप्रेसर, स्प्रे गन, मिग वेल्डिंगचे मशीन आणि ग्राइंडर यांचे ६२,००० रुपये आहेत. एका गाडीसाठी घेतलेली ही यंत्रे पुढे माळ्यावर जातात. पण माझा आक्षेप पैशांपुरता नाही. फियाट ११०० या गाडीला वेगळी चासी नाही. बॉडी हाच तिचा सांगाडा आहे, आणि दरवाज्याखालची सिल हा त्या सांगाड्याचा कणा आहे. सिल कापताना बॉडीला आतून आधार दिलेला नसेल आणि दरवाजे उतरवून ठेवलेले असतील, तर बॉडी मधोमध किंचित खचते, आणि मग वेल्डिंग कितीही सफाईदार झाले तरी दरवाजा पुन्हा चौकटीत बसत नाही. माझ्या एका ग्राहकाच्या सदाशिव पेठेतील वाड्यात एक अँबॅसडर अशीच खोलून ठेवलेली होती. तिचे दरवाजे माडीवर, काचा देवघराच्या मागे आणि नटबोल्ट श्रीखंडाच्या डब्यांत सहा वर्षे पडून होते. शेवटी ती भंगाराच्या भावाने गेली, तेव्हा त्या डब्यांतले निम्मे नटबोल्ट कोणत्या भागाचे होते, हे त्यांनाही सांगता आले नाही. अर्धवट खोललेली गाडी न खोललेल्या गाडीपेक्षा स्वस्त विकली जाते. या छंदातली खरी आर्थिक जोखीम तीच आहे.

रंगाचेही तसेच आहे. सध्या वापरात असलेल्या पीयू (पॉलियुरेथेन) रंगाच्या हार्डनरमध्ये, म्हणजे रंग कडक करणाऱ्या द्रवात, आयसोसायनेट हे घातक रसायन असते. त्याच्या फवाऱ्यापुढे साधा कापडी किंवा धुळीचा मास्क निरुपयोगी ठरतो आणि त्यातून दम्याचा कायमचा विकार जडू शकतो. थिनरची वाफ हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत पसरते, आणि आपल्या पार्किंगच्या कोपऱ्यात टाकीला पाणी चढवणारा पंप आहे, असे आपणच लिहिले आहे. त्या पंपाच्या स्विचची एक ठिणगी पुरे. हे काम रंगाच्या बूथमध्येच व्हावे.

मग आपल्या हाताला काय उरते? बरेच उरते, आणि मजुरीचा मोठा भाग त्यातच आहे. गॅरेजच्या कोटेशनमध्ये खोलणे, घासणे आणि पुन्हा जोडणे यांचे १,३५,००० रुपये आहेत. पत्रा आणि वेल्डिंगचे ९५,०००, रंगाचे १,१०,०००, क्रोमचे ६५,००० आणि रबर-बीडिंगचे ५५,००० आहेत. यांतील पत्रा आणि रंग बाहेर द्यावेत, बाकीचे स्वतः करावे. बंपर, हँडल वगैरे भाग आपण स्वतः भोसरीत प्लेटिंगला नेल्यास आपल्या चौकशीप्रमाणे ४५,००० लागतात, रबर आणि बीडिंग नाना पेठेत व जुन्या बाजारात हिंडून २८,००० मध्ये जमते, आणि पॉलिश पेपर, बफिंगची चाके, लहान हत्यारे यांना २२,००० धरावेत. एकूण ३ लाख होतात. जुन्या पत्र्याखाली काय निघेल याचा भरवसा नसल्याने वर २० टक्के, म्हणजे ६०,००० राखून ठेवावेत. राखीव रकमेला हात लागला नाही, तर बचत १,६०,००० रुपयांची होते. वीस महिन्यांत सुट्ट्या आणि लग्नकार्ये वगळून ८० रविवार मिळाले आणि दर रविवारी चार तास दिले, तर ताशी ५०० रुपये सुटतात. कंटाळा येत नसेल तर हा सौदा चांगला आहे. येत असेल तर आजच सांगावे.

ट्रिमच्या, म्हणजे चकाकणाऱ्या पट्ट्या-हँडलांच्या, बाबतीत एक सावधगिरी मुद्दाम सांगतो, कारण तिथे पैसे नकळत बुडतात. चकाकणाऱ्या सर्व पट्ट्या एकाच पिशवीत घालून प्लेटिंगवाल्याकडे देऊ नयेत. स्टीलवर क्रोम चढवलेले भाग प्लेटिंगला जातात. स्टेनलेसच्या पट्ट्यांना प्लेटिंग लागत नाही, त्या घरी बफ करून उजळतात. आणि अॅल्युमिनियमची पट्टी चुकून कॉस्टिक सोड्याच्या टाकीत गेली तर ती विरघळू लागते. जस्ताच्या ओतीव मिश्रधातूचे भाग, विशेषतः हँडल आणि दिव्यांच्या कडा, फोड येऊन खड्डे पडलेले असतील तर पुन्हा प्लेटिंग करूनही ते खड्डे सहसा लपत नाहीत. त्यांच्यावर खर्च करण्यापूर्वी बऱ्या स्थितीतला जुना भाग शोधणे परवडते. प्रत्येक नग मोजून, फोटो काढून, पावतीवर संख्या लिहून द्यावा. माझ्या स्वतःच्या स्कूटरचे दोन भाग एका प्लेटिंगवाल्याकडे असेच ‘मिसळून’ गेले आणि तिसऱ्याच कोणाचे माझ्याकडे आले.

आता पैशांची सांगड ऋतूंशी घालावी लागेल. पुण्याच्या पावसाळ्यात उघडा पत्रा एका रात्रीत तांबूस होतो आणि दमट हवेत मारलेल्या रंगावर पांढरट झाक धरू शकते. म्हणून नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात पत्र्याचे काम उरकावे. शिलकीतून महिना १४,००० प्रमाणे ५६,००० आणि दिवाळीच्या बोनसमधले ४०,००० असे ९६,००० रुपये तोवर जमतात, आणि बिल ९५,००० चे आहे. गाडीवर एपॉक्सी प्रायमर, म्हणजे पाणी रोखणारा अस्तराचा रंग, मारूनच ती परत घ्यावी. साधा प्रायमर पाणी शोषतो आणि पुढच्या पावसाळ्यात केलेले काम आतून गंजते. मार्च ते ऑक्टोबर घरी बसून ट्रिम, क्रोम, रबर करावे. त्यासाठी लागणाऱ्या ९५,००० च्या तुलनेत १,१२,००० जमा होतात. पुढच्या दिवाळीचे ४०,००० मिळवून दुसऱ्या फेब्रुवारीपर्यंत रंगाचे १,१०,००० उभे राहतात. राखीव ६०,००० या मांडणीत सर्वांत शेवटी जमतात, हा तिचा दोष मला मान्य आहे. पत्र्याचे बिल वाढले तर रंग एक हिवाळा पुढे ढकलावा, परंतु ठेव मोडू नये.

परिवहन कार्यालयाच्या बाबतीत घाई नको. २०२१च्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या, मूळ रूपात राखलेल्या खासगी गाडीला व्हिंटेज नोंदणी मिळू शकते. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षे आणि नूतनीकरण ५,००० रुपये आहे. मात्र अशी गाडी प्रदर्शन, रॅली, इंधन भरणे, देखभाल अशा कारणांपुरतीच रस्त्यावर आणता येते. आपल्याला रविवारी नातवाला घेऊन सिंहगडाच्या पायथ्याशी जायचे आहे, तेव्हा नेहमीच्या नोंदणीचे नूतनीकरणच आपल्या सोयीचे आहे, जरी वीस वर्षांवरील मोटारीसाठी त्याचे शुल्क आता १०,००० रुपये झाले असले तरी.

गाडी पुढेमागे विकलीच, तर कराविषयी एक गोष्ट लक्षात असावी. वैयक्तिक वापराची मोटार भांडवली मालमत्तेत मोडत नसल्याने तिच्या विक्रीवरील नफा सहसा करपात्र ठरत नाही. परंतु १९३१च्या एका फोर्ड मोटारीच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने, गाडी वैयक्तिक वापरासारखी असणे पुरेसे नाही, ती प्रत्यक्ष तशी वापरल्याचा पुरावा हवा, असे म्हणून नफा करपात्र ठरवला. म्हणून विम्याच्या पावत्या, पेट्रोलची आणि दुरुस्तीची बिले एका फायलीत ठेवावीत.

पहिला रुपया खर्च करण्यापूर्वी येत्या रविवारी एक लोहचुंबक मऊ फडक्यात गुंडाळून दोन्ही सिल, दरवाज्यांचे खालचे काठ, दिव्यांभोवतीचा पत्रा आणि पुढच्या काचेच्या रबराखालची पट्टी यांवरून हळूहळू फिरवावे. जिथे ते चिकटत नाही तिथे रंगाखाली लांबीचा (पुट्टीचा) जाड थर आहे, आणि बहुधा त्याखाली पत्राच उरलेला नाही. अशा जागा खडूने आखून, फोटो काढून गॅरेजला दाखवाव्यात आणि ९५,००० हा आकडा त्या पाहून पुन्हा लेखी मागावा. डिकीतील गालिचा उचलायला विसरू नये.